डोस आधीचा, दावा नंतरचा

प्रतिजैविकं निकामी होत चालली आहेत, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. या धास्तीच्या जोडीने एक दिलासाही हल्ली जोरात विकला जातो. वाईट जिवाणूंचा बंदोबस्त करायला चांगले जिवाणूच पुरेसे आहेत, आणि हे म्हणे उंदरांवर सिद्ध झालेलं आहे. वर्तमानपत्रांची आरोग्य-सदरं, पूरक आहाराची माहितीपत्रकं, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती, सगळीकडे हे वाक्य थोड्याफार फरकाने भेटतं. त्यातला पहिला भाग आशेचा आहे. तिच्याशी भांडण नाही. दुसरा भाग मात्र वस्तुस्थितीबद्दलचं विधान आहे, आणि ते तपासता येतं.

तपासायला बसल्यावर आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. हे प्रयोग बनावट नाहीत, उलट त्यातले काही फार देखणे आहेत. आयर्लंडमधल्या कॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली ‘पीएनएएस’मध्ये एक शोधनिबंध छापला. लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हॅरियस या जिवाणूचा यूसीसी ११८ नावाचा वाण उंदरांना पाजला, तर लिस्टेरिया मोनोसायटोजिनिसच्या संसर्गापासून त्यांचा बचाव होतो, असं त्यांना आढळलं. हा वाण एक जिवाणूमारक प्रथिन तयार करतो. ते तयार करण्याची क्षमता काढून घेतलेला भाऊबंद वाण दिला, तेव्हा बचाव झाला नाही. मग संशोधकांनी उलट बाजूनेही खातरजमा केली. त्या प्रथिनाला पुरून उरेल असं संरक्षण लिस्टेरियालाच बहाल केलं, तेव्हा मूळ वाणही निष्प्रभ ठरला. कारण आणि परिणाम यांची सांगड यापेक्षा स्वच्छ घालणं अवघड आहे.

पण याच प्रयोगात एक तपशील आहे, जो माहितीपत्रकापर्यंत पोचता पोचता गळून पडतो. उंदरांना लॅक्टोबॅसिलस दिला गेला तो लिस्टेरिया देण्याच्या आधी. प्राणी निरोगी होता, आतड्यात बंदोबस्त अगोदर बसवला गेला, आणि मग ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मात्रेत शत्रू आत सोडला गेला. याला प्रतिबंध म्हणतात. उपचार म्हणजे आजार जडल्यानंतर केलेली गोष्ट.

हा शब्दच्छल नव्हे, कारण लिस्टेरिया आतड्यात बसून राहत नाही. तो आतड्याच्या अस्तरातून पलीकडे जातो, पेशींच्या आत शिरतो, एका पेशीतून शेजारच्या पेशीत सरकतो आणि यकृत व प्लीहेपर्यंत पोचतो. आतड्याच्या पोकळीत राहणारा लॅक्टोबॅसिलस तिथे जाऊन त्याच्याशी लढत नाही. चोर यायच्या आधी दाराला कडी घालणं वेगळं आणि चोर माजघरात पोचल्यावर कडी घालणं वेगळं. कॉर्कच्या प्रयोगाने कडी मजबूत आहे हे दाखवलं. चोर आत असताना ती कामाची ठरते की नाही, हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता.

आणखी एक गाजलेलं उदाहरण जपानमधलं. रिकेन संस्थेच्या नेतृत्वाखालील गटाने २०११ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की बिफिडोबॅक्टेरियम लाँगमचा एक विशिष्ट वाण ई. कोलाय ओ१५७ या घातक जिवाणूपासून उंदरांचा जीव वाचवतो. बिफिडोबॅक्टेरियम अ‍ॅडोलेसेंटिस या त्याच्याच कुळातल्या जिवाणूला ते जमलं नाही. फरक होता साखर पेशीत ओढून घेणाऱ्या जनुकांचा. ती ज्याच्याकडे होती, तो वाण मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टप्प्यातही पुरेसं अ‍ॅसिटेट तयार करत होता, आणि त्या अ‍ॅसिटेटमुळे अस्तर भक्कम राहून विष रक्तात उतरत नव्हतं. काम सुरेख आहे. पण इथेही बिफिडोबॅक्टेरियम आधी वसवला गेला, ओ१५७ नंतर आला. शिवाय हे उंदीर जंतुरहित होते, म्हणजे जन्मापासून एकही जिवाणू न भेटलेले. ज्या आतड्यात दुसरं कुणीच राहत नाही, तिथे नव्या पाहुण्याला बस्तान बसवायला अडचण कसली?

‘आधी द्या’ हे तत्त्व तसं जुनंच आहे आणि शेतीत ते खणखणीत चाललेलंही आहे. फिनलंडमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉयलर कोंबड्यांमध्ये साल्मोनेला इन्फंटिसची साथ पसरली. नूर्मी आणि रँटाला या संशोधकांनी अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांना प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज पाजून पाहिला. ती पिल्लं साल्मोनेलाला दाद देईनाशी झाली. १९७३ साली हे ‘नेचर’मध्ये छापून आलं आणि पुढे कुक्कुटपालनात त्या धर्तीची उत्पादनं वापरात आली. कारण सरळ होतं. यांत्रिक उबवणीत जन्मलेल्या पिल्लाला आईची विष्ठा टोचायला मिळत नाही, त्यामुळे त्याचं आतडं रिकामं असतं. ते साल्मोनेलाच्या आधी भरून टाकलं. आजारी कळप बरा करण्यासाठी ही युक्ती नव्हती आणि तिच्या जनकांनी ती तशी मांडलीही नाही.

आता प्रयोगातल्या प्राण्याकडे वळू. ‘उंदीर’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच प्राणी येतो. प्रयोगशाळेत मात्र तो कसा घडवला आहे, यावर निकाल फिरतो. साधा निरोगी उंदीर साल्मोनेलाला सहजासहजी बळी पडत नाही. शिकागोमध्ये बोहनॉफ आणि मिलर यांनी १९५०-६०च्या दशकांत दाखवलं, की संसर्गासाठी एरवी सुमारे एक लाख साल्मोनेला लागतात, पण स्ट्रेप्टोमायसिनचा एक डोस दिला की दहापेक्षाही कमी पुरतात. आतड्यातले मूळ रहिवासी हटले की दार सताड उघडतं. आज साल्मोनेलाच्या कितीतरी प्रयोगांत उंदराला आधी स्ट्रेप्टोमायसिन देऊनच तयार केलं जातं. अशा ओस पाडलेल्या आतड्यात प्रोबायोटिकने, म्हणजे मुद्दाम दिलेल्या चांगल्या जिवाणूने, करामत दाखवली, तर त्यातून इतकंच कळतं की ओस जागा भरणं उपयोगी असतं. गजबजलेल्या आतड्याच्या, न्यूमोनियाने खाटेला खिळलेल्या माणसाबद्दल त्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

कोणत्या पुरवठादाराकडून उंदीर आणले, यानेही फरक पडतो. २०१९ साली ‘नेचर मायक्रोबायॉलॉजी’त आलेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या पुरवठादारांचे, जनुकीयदृष्ट्या सारखे उंदीर साल्मोनेलाला वेगवेगळ्या प्रमाणात बळी पडताना दिसले. काहींच्या आतड्यात एंटेरोबॅक्टेरिएसी कुळातले जिवाणू आधीपासूनच होते, काहींच्या नव्हते. त्यात उंदीर एकमेकांची विष्ठा खातात. एका पिंजऱ्यात पाच उंदीर ठेवले, तर काही दिवसांत त्या पाचांची आतडी एकमेकांसारखी होत जातात. प्रोबायोटिकवाले पाच एका पिंजऱ्यात आणि मीठपाणीवाले पाच दुसऱ्यात, अशी मांडणी असेल, तर कागदावर दहा प्राणी दिसतात, पण खरी तुलना दोन पिंजऱ्यांची होते.

सिट्रोबॅक्टर रोडेन्शियम या उंदरांच्याच जिवाणूवर असे प्रयोग वारंवार होतात, कारण तो माणसातल्या अतिसारकारक ई. कोलायची नक्कल करतो. पण सी५७ ब्लॅक सिक्स या नेहमीच्या जातीचे उंदीर त्यातून दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरे होतात. प्रोबायोटिक दिलेला उंदीर तिसऱ्या आठवड्यात टुणटुणीत दिसला, हे वाक्य खरं असूनही निरर्थक असू शकतं. न दिलेला उंदीर त्याच दिवशी कसा होता, हे सांगितलं तरच त्याला अर्थ येतो.

मात्रेचा हिशेबही कुणी करत नाही. वीस ग्रॅमच्या उंदराला अशा प्रयोगांत दिवसाला १०० कोटी जिवाणू देणं नेहमीचं आहे. नुसत्या वजनाच्या प्रमाणात साठ किलोच्या माणसाला तीन लाख कोटी होतील. औषधशास्त्रात शरीराच्या पृष्ठभागावरून मात्रा काढतात. त्या मवाळ नियमानेही आकडा सुमारे २४ हजार कोटींवर जातो. दुकानातल्या पुष्कळशा कॅप्सुलांवर १०० ते १,००० कोटी असं लिहिलेलं असतं. जिवाणू जिवंत असतो, आत जाऊन वाढतो, त्यामुळे गोळीचं गणित त्याला लागू नाही, असा बचाव यावर होतो. तो मान्य करू. पण मग तो आत जाऊन वाढतो हे दाखवणं दावा करणाऱ्याच्या अंगावर येतं. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेने २०१८ साली अकरा वाणांचं मिश्रण निरोगी स्वयंसेवकांना देऊन आतड्याच्या आतून नमुने घेतले. काहींच्या आतड्यात त्या जिवाणूंनी मूळ धरलं, तर काहींच्या आतड्याने त्यांना थारा दिला नाही.

इथे समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा पुढे येतो. सगळेच प्रयोग ‘आधी’चे नाहीत, काहींत जिवाणू आधीच ठाण मांडून बसलेला असताना प्रोबायोटिकने त्याला हुसकलं आहे. हे खरं आहे. अमेरिका आणि थायलंडमधल्या संशोधकांनी २०१८ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की बॅसिलस सब्टिलिसचे बीजाणू दिले की उंदरांच्या आतड्यात आधीच वसलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियस नाहीसा होतो. बॅसिलसची फेन्जिसिन नावाची रसायनं स्टॅफिलोकॉकसच्या आपापसातल्या संदेशवहनात मोडता घालतात. फेन्जिसिन न बनवणारा वाण दिला, तर काहीच होत नाही. पुढे थायलंडमध्ये ११५ माणसांवर चाचणी झाली आणि २०२३ साली तिचा निकाल आला. महिनाभर बॅसिलस घेणाऱ्यांच्या विष्ठेतला स्टॅफिलोकॉकस ९६.८ टक्क्यांनी घटला होता.

या कामाला दाद द्यायलाच हवी, आणि द्यायची तर ते नीट वाचून. ती ११५ माणसं आजारी नव्हती. स्टॅफिलोकॉकस अंगावर बाळगणारी धडधाकट माणसं होती. अंगावरचा जिवाणू कमी झाला तर पुढचा संसर्ग टळू शकतो, आणि रुग्णालयांच्या दृष्टीने ही मोलाची शक्यता आहे. पण रक्तात स्टॅफिलोकॉकस पसरलेल्या रुग्णाला बॅसिलसची पुडी देऊन भागेल, असं ना त्या उंदरांनी सांगितलं, ना त्या माणसांनी.

ई. कोलाय निस्ले १९१७चीही अशीच गोष्ट. पहिल्या महायुद्धात सोबत्यांना हगवण झालेली असताना स्वतः ठणठणीत राहिलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून आल्फ्रेड निस्ले यांनी हा वाण वेगळा केला. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की तो उंदरांच्या आतड्यातला साल्मोनेला कमी करतो, तेही तीव्र आणि जुनाट अशा दोन्ही तऱ्हेच्या संसर्गांत. साल्मोनेलाच्या तोंडचं लोह तो पळवतो. लोह खेचण्याची क्षमता काढलेला निस्ले आतड्यात राहिला, पण साल्मोनेलाला त्याने धक्का लावला नाही. आणि ज्या उंदरांमध्ये लिपोकॅलिन-२ हे प्रथिन नव्हतं, त्यांच्यात अस्सल निस्लेचाही उपयोग झाला नाही. म्हणजे परिणाम तिघांवर अवलंबून: कोणता वाण, कोणता शत्रू, कोणता यजमान. यातला एक बदलला की निकाल बदलतो. ‘प्रोबायोटिक संसर्ग बरा करतं’ या वाक्यात या तिघांपैकी एकाचाही पत्ता नसतो. घरच्या विरजणात कोणते वाण आहेत हे तर कुणालाच ठाऊक नसतं. दही खावं ते दही म्हणून.

उंदरा-घुशींवरून थेट माणसावर उडी मारली की काय होतं, याचा धडा नेदरलँड्सने फार महाग शिकला. तीव्र स्वादुपिंडदाहात आतड्यातले जिवाणू बाहेर झिरपतात आणि मृत स्वादुपिंडात संसर्ग होतो. उट्रेख्टच्या गटाने मोठ्या उंदरांमध्ये, म्हणजे रॅटमध्ये, हा आजार निर्माण करून अनेक वाणांचं मिश्रण दिलं. झिरपणं घटलं, प्राणी जास्त जगले. पण त्या रॅटना मिश्रण द्यायला सुरुवात झाली होती आजार निर्माण करण्याच्या पाच दिवस आधी. माणसाला स्वादुपिंडदाह कधी होणार हे पाच दिवस आधी कळत नाही. ‘प्रोपॅट्रिया’ या चाचणीत रुग्णांना ते मिळालं लक्षणं सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत, म्हणजे आजार भरात असताना. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. संसर्गाचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच, ३० आणि २८ टक्के. मृत्यू मात्र प्रोबायोटिक घेतलेल्या १५२ जणांपैकी २४ आणि न घेतलेल्या १४४ जणांपैकी ९. प्रोबायोटिक गटात नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा खुंटला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही.

त्या चाचणीच्या आखणीवर आणि देखरेखीवर पुढे बरीच टीका झाली आणि मृत्यूंच्या कारणांवर वाद झाले. पण आधी दिलेल्या डोसचा निकाल नंतर दिलेल्या डोसला लागू होईल, हे गृहीत धरलं गेलं होतं आणि ते टिकलं नाही, एवढं तरी वादातीत आहे.

बाकीच्या मोठ्या चाचण्यांनी जीव घेतले नाहीत, पण आशाही पुरी केली नाही. ब्रिटनमध्ये प्रतिजैविकं घेणाऱ्या २,९८१ वृद्ध रुग्णांना लॅक्टोबॅसिलस-बिफिडोबॅक्टेरियमचं मिश्रण किंवा त्याची नक्कल देण्यात आली. २०१३ सालच्या निकालात जुलाबाचं प्रमाण १०.८ आणि १०.४ टक्के निघालं. कॅनडा, अमेरिका आणि सौदी अरेबियातल्या अतिदक्षता विभागांत व्हेंटिलेटरवरच्या २,६५० रुग्णांवर लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी वापरून पाहिला. न्यूमोनिया २१.९ टक्क्यांना झाला, न घेणाऱ्यांत २१.३ टक्क्यांना. शिवाय प्रोबायोटिक गटातल्या पंधरा जणांच्या एरवी जंतुमुक्त असणाऱ्या शरीरभागांत, किंवा इतर नमुन्यांत मुख्य जिवाणू म्हणून, तोच लॅक्टोबॅसिलस सापडला. दुसऱ्या गटात असा एकच रुग्ण होता. ‘घेतलं तर नुकसान काय?’ या लाडक्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. २०२३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना सावधगिरीचं पत्र पाठवलं, तेही रुग्णालयात प्रोबायोटिक दिलेल्या एक किलोपेक्षा कमी वजनाच्या अर्भकाच्या मृत्यूनंतर. त्याच्या रक्तात तोच जिवाणू वाढला होता.

‘मग ओडिशाचं काय?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो यायलाच हवा. ग्रामीण ओडिशातल्या ४,५५६ नवजात बाळांवरची ती चाचणी २०१७ साली ‘नेचर’मध्ये आली. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एक वाण आणि त्याचं खाद्य असलेली साखर सात दिवस दिल्याने सेप्सिस आणि मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. भारतातून आलेल्या या विषयावरच्या कामांत हे अव्वल म्हणावं लागेल. पण चाचणीत घेतलेली बाळं निरोगी होती आणि डोस आयुष्याच्या पहिल्या दिवसांत मिळाला. नूर्मींच्या पिल्लांचं तत्त्व माणसाच्या बाळात उतरलं, सेप्सिस झालेलं बाळ बरं करण्याचं नाही. आणि सगळेच वाण तसे वागत नाहीत. इंग्लंडमध्ये १,३१५ अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्हेचा एक वाण दिला गेला. २०१६ सालच्या निकालात सेप्सिसमध्ये फरक पडला नव्हता.

या सगळ्यावरून प्राण्यांवरचे प्रयोगच फोल आहेत, असं म्हणणारी दुसरी टोकाची मंडळीही आहेत. तीही चुकतात. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा अतिसार हा त्यांना पुराव्यानिशी दिलेला जवाब आहे. क्लिंडामायसिन दिलेले हॅमस्टर पटापट मरतात, या निरीक्षणावरून १९७०च्या दशकात बार्टलेट आणि सहकाऱ्यांनी या आजाराचा कर्ता जिवाणू शोधला. पुढे हॅमस्टरमध्येच कळलं, की विष न बनवणारा डिफिसिल आतड्यात वसवला तर विषारी भावाला जागा मिळत नाही. माणसांवरच्या चाचणीत आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण त्यामुळे ३० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलं. निरोगी दात्यांच्या विष्ठेतून शुद्ध केलेल्या बीजाणूंच्या कॅप्सुलांनी १८२ रुग्णांच्या चाचणीत हेच प्रमाण ४० वरून १२ टक्क्यांवर आणलं, आणि एप्रिल २०२३मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली.

या क्षेत्रातलं हे सगळ्यात मोठं यश. पण त्यातही क्रम काय आहे? आधी प्रतिजैविक देऊन चालू आजार आटोक्यात आणायचा, मग आतड्यात नवी वस्ती बसवायची, म्हणजे तो उलटणार नाही. चांगल्या जिवाणूंनी इथे प्रतिजैविकाची जागा घेतलेली नाही. त्याच्यामागून येऊन त्याचं उरलेलं काम पुरं केलं आहे. आपल्याकडे तर प्रतिजैविक आणि ‘लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलस’ एकाच गोळीत कोंबून वर्षानुवर्षं विकलं गेलं, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर प्रतिजैविकाच्या खाली प्रोबायोटिकची पुडी लिहिणं हा रिवाजच झाला. कोणत्या वाणाने, कोणत्या जिवाणूविरुद्ध, हे त्या चिठ्ठीवर कधी नसतं.

तेव्हा ‘उंदरांवर सिद्ध’ असं छापणाऱ्याकडून पाच गोष्टी मागायला हव्यात. डोस संसर्गाच्या आधी दिला की नंतर, आणि किती तास नंतर. वाणाचं पूर्ण नाव. उंदराचं आतडं आधी प्रतिजैविकाने रिकामं केलं होतं का. प्राणी किती आणि पिंजरे किती. आणि मारलेला किंवा ते नेमकं जनुक काढलेला वाण दिल्यावर काय झालं. प्राण्यांवरच्या प्रयोगांची माहिती कशी द्यावी, याचे ‘अराइव्ह’ हे निकष २०१० सालापासून उपलब्ध आहेत आणि यातल्या बहुतेक गोष्टी त्यांत येतात. चांगल्या शोधनिबंधाच्या ‘पद्धती’ या भागात त्या चार-सहा ओळींत मावतात. माहितीपत्रकावर हसऱ्या कुटुंबाच्या छायाचित्राला अर्धं पान मिळतं, तेव्हा या ओळी वगळण्याचं कारण जागेची टंचाई नक्कीच नाही.